राखणदार, दुसरा फेरा: रचणारे विश्राम मेस्त्री

विश्राम मेस्त्री यांच्यावर अन्याय झाला तो १९८८ साली, गणपती बसायच्या आधीच्या शनिवारी, दुपारी सव्वाचार वाजता, घाटकोपरच्या एका कॉम्प्युटर क्लासात. खोली भरलेली होती. विद्यार्थी होते, त्यांचे आईवडील होते, मी होते. मेस्त्रीही होते. ते मागे स्टुलावर बसून टेपरेकॉर्डरची वायर दोन बोटांत धरून होते, आणि पुढे उभा राहून दुसराच माणूस सांगत होता की हा खेळ मी बनवला.

वेळ मी मुद्दाम लिहिते आहे. "झाला असेल काहीतरी गैरसमज" असं म्हणायची सोय कुणाला ठेवायची नाही.

आधी खेळ काय होता ते सांगते. तुमच्यातल्या पुष्कळांनी व्हिडिओ गेम म्हणजे नाक्यावरच्या पार्लरमधली गोळीबाराची मशीनंच पाहिली असतील. मेस्त्रींच्या खेळात घाई नव्हती. पडद्यावर चौकटी आखलेलं कोकणातलं एक गाव. गावाचे राखणदार सहा: गुरव, लोहार, कोळीण, वैदू, ढोलवाला आणि वेशीवरचा म्हातारा पहारेकरी. अमावस्येला वेताळ आपली पलटण घेऊन चालून येतो. नदीत गिऱ्हा पाय ओढायला बसलेला, पिंपळावर मुंज्या. तुम्ही आपली माणसं एकेक करून हलवायची. चार चौकटी चाला, नाहीतर एक काम करा: मशाल पेटवा, जखमेला पाला बांधा, ढोल बडवा. तुमचं झालं की हात कीबोर्डवरून काढायचे. मग वेताळ काय करील ते करील.

मशीन बिचारं लहान. कीबोर्ड रबराचा, पडदा म्हणजे घरातला टीव्ही, आणि खेळ भरायचा साध्या गाण्याच्या कॅसेटवरून. वेताळाला विचार करायला कधीकधी दोन-दोन मिनिटं लागायची. पोरं चुळबुळ करायची.

"सर, हँग झालं!"

"हँग नाय रे. इचार करताहा तो. तू पण कर."

"पण मी काय करू तोपर्यंत?"

"त्येची बारी आसा. बघ त्येच्याकडे."

बारी हा मेस्त्रींचा शब्द. मालवणी माणसाला तो डबलबारीच्या भजनातून येतो: एक बुवा गातो, दुसरा गप्प ऐकतो, मग दुसरा उत्तर देतो. मेस्त्रींनी जगण्याचा सगळा कायदा तिथून उचलला होता. बसच्या रांगेत ते उभे राहिले की मागे बघायचे, आणि कुणी दमलेलं दिसलं की त्याला आपल्या पुढे घालायचे. पुढे सरकलेला माणूस चक्रावून विचारायचा, "काय झालं काका?" मेस्त्री तोवर आणखी कुणाला पुढे घालत असायचे. असं करत एकदा चार बसेस गेल्या आणि ते क्लासला पाऊण तास उशिरा आले. कारण विचारलं तर म्हणाले, "लोक दमलेले होते."

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ते भांडायलाच. असल्फ्याच्या डोंगरावर आमच्या वस्तीच्या पाण्यासाठी मी तेव्हा पत्रकं लिहायची. स्टेन्सिल कापायची, रात्री शाई, सकाळी वाटप. कॉम्प्युटर म्हणजे कारकुनांच्या पोटावर पाय, हे मी कुठल्याशा सभेत ऐकलं होतं आणि ते मला लगेच पटलं होतं. आईने हट्टाने क्लासला घातलं, तर मी पहिल्याच दिवशी मेस्त्रींना झाडलं. गिरणीतून बाहेर फेकलेला माणूस तुम्ही, आणि त्याच यंत्राची आरती ओवाळता? लाज नाही वाटत? बराच वेळ बोलले. ते ऐकत होते. मी थांबले तरी ते बोलेनात. आपण जिंकलो असं मला वाटायला लागलं.

मग म्हणाले, "तुझी बारी संपली?"

"हो."

"पाणी पी." मी प्यायले. "आता माझी. तुझा पत्रक मी वाचलंय. डोंगरार वाटलंस ता. बरा आसा. पण त्येच्यात समोरच्याची बारी खंय आसा?"

"समोरच्याची बारी कशाला? तो चोर आहे!"

"चोर काय म्हणता, ता लिही ना. लोकांक दिसांदे." एवढं बोलून ते वळले आणि एका मशीनचं झाकण उघडून बसले. चप्पल बाहेर काढलेली, शर्टाच्या पुढच्या बाजूला सोल्डरिंगने पडलेली बारीक भोकं. माझ्या यंत्रविरोधाबद्दल एक शब्दही नाही. मला फार राग आला होता.

मेस्त्री गिरणीत इलेक्ट्रिक फिटर होते. संपानंतर साकीनाक्याला एका गाळ्यात मोटारी रिवाइंड करायला लागले. क्लासचं एक बंद पडलेलं मशीन त्या गाळ्यात दुरुस्तीला आलं. तासाभराचं काम. मेस्त्रींनी ते आठ दिवस ठेवून घेतलं. सोबत आलेलं इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन वाचलं. परत दिलं तेव्हा मशीन चालू होतं, आणि त्यात एक माणूस होता. चार ठिपक्यांचा माणूस, चालत चालत नदीपर्यंत यायचा आणि थांबायचा. क्लासच्या संचालकांनी विचारलं, "हा पुढे का जात नाही?" मेस्त्री म्हणाले, "पाण्यात गिऱ्हो आसा." संचालकांना माणूस ओळखता येत होता, हे मान्य करायला हवं. त्यांनी संध्याकाळी शिकवायला आणि मशीनं सांभाळायला मेस्त्रींना ठेवून घेतलं.

शिकवण्यात ते कठीण होते. कौतुक नावाची गोष्ट त्यांच्याकडे नव्हती. कुणी प्रोग्राम चालवून दाखवला की म्हणायचे, "आता ह्येका पाडून दाखव." स्वतःचाच प्रोग्राम कुठे मोडतो हे सांगता आलं तर पुढचा धडा, नाहीतर तोच पुन्हा. मराठी अक्षरं त्या मशीनमध्ये नव्हतीच. मेस्त्रींनी एकेक अक्षर आलेखाच्या कागदावर आठ बाय आठच्या घरात रंगवून आत घातलं होतं. 'ळ' त्यांना आठ दिवस जमला नाही. त्या आठ दिवसांत त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती.

पहिला खेळ, 'राखणदार', असा तयार झाला. क्लासची पोरं त्यावर तुटून पडली. मुलुंडहून पोरं यायची. अंधेरीच्या एका क्लासवाल्याने कॅसेट मागून नेली. तेव्हाही वेष्टनावर फक्त क्लासचं नाव होतं. कुणालाच काही वाटलं नाही, मलाही नाही.

दुसरा भाग निघाला तो एका चुकीतून. चूक मेस्त्रींची होती आणि ती त्यांनी स्वतः पकडली.

मशीनच्या मर्यादेमुळे एका फेऱ्यात सहापैकी चौघांनाच हलता यायचं. पहिल्या भागात ज्याची ताकद जास्त त्याची बारी आधी. मेस्त्रींनी हे घरी चिंचोके मांडून तपासलं होतं आणि ते छान चालत होतं. मग काही वेगळं करून बघायचं म्हणून एका रविवारी सकाळी त्यांनी क्लासबाहेरच्या पॅसेजमध्ये माणसं उभी केली. पॅसेजला काळ्या-पांढऱ्या लाद्या होत्या, एक लादी म्हणजे एक चौकट. मी कोळीण होते. विद्यार्थी लोहार, गुरव, वैदू, ढोलवाला. पहारेकरी म्हणून इमारतीचे खरेखुरे वॉचमन, तिवारी, उभे केले. वेताळ म्हणून जिन्याखाली चहा करणारी शेवंतामावशी, कारण मेस्त्रींच्या मते त्या इमारतीत सगळे घाबरायचे ते तिलाच.

नियम कडक. आपली बारी येईपर्यंत लादी सोडायची नाही, बोलायचं नाही. मी एकदा ढोलवाल्याला हाताने बाजूला सारलं, तर मेस्त्री माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत.

तिसऱ्या डावाला अर्ध्या तासात वेताळ कोंडीत सापडला. मेस्त्रींनी हातातली नियमांची चिठ्ठी बघितली. "वेताळ मेलो."

शेवंतामावशी म्हणाली, "मेला कोण? मी नाय मरत. माझं दूध उतू जातंय खाली."

"मावशी, नियम आसा."

"नियम तुझ्या मशीनला सांग. बाजूला हो रे लोहारा!" आणि वेताळ लोहाराला ढकलून जिना उतरून गेला.

सगळे हसलो. मेस्त्री हसले नाहीत. ते त्या रिकाम्या लादीकडे बघत उभे राहिले. "वेताळाक पण घर असता," असं काहीसं पुटपुटले आणि कागदावर लिहून घेतलं. दुसऱ्या भागात म्हणूनच वेताळाला वाट दिली तर तो निघून जातो. मारावंच लागत नाही. खेळलेल्यांना हे ठाऊक आहे. ते कुठून आलं हे मात्र फक्त लादीवर उभ्या असलेल्यांना ठाऊक आहे.

पण त्या सकाळची खरी गोष्ट मागे घडत होती. अकरा वाजत आले होते. तिवारी वेशीच्या लादीवर नऊपासून उभे होते. म्हातारा पहारेकरी, ताकद सगळ्यात कमी, त्यामुळे दर फेऱ्यात तो सहावा, आणि बारी चौघांनाच. दोन तासांत त्यांना एकदाही हलायला मिळालं नव्हतं. बोलायचं नाही असा नियम, म्हणून बोललेही नव्हते. शेवटी अगदी हळू म्हणाले, "मेस्त्रीजी, हमारा नंबर आएगा क्या? पैर सुन्न हो गया."

मेस्त्रींचा चेहरा मी विसरणार नाही. ते गेले, स्टूल आणलं, तिवारींना बसवलं आणि स्वतः त्यांच्या पायाशी लादीवर बसले. खेळ तिथेच संपला.

मग म्हणाले, "चिंचोक्याचे पाय दुखणत नाय. म्हणान माका कळला नाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं: ज्येचो जीव कमी, त्येची बारी पयली. 'राखणदार, दुसरा फेरा' या एका ओळीवर उभा आहे. दर फेऱ्यात जो सर्वांत जखमी, सर्वांत थकलेला, तो आधी हलणार. ताकदवान थांबणार. ऐकायला सोपं वाटतं, पण खेळून बघा. पहिल्या भागात तुम्ही लोहाराला पुढे घालून मोकळे व्हायचात. दुसऱ्यात तुमच्या हातात आधी येतो लंगडणारा म्हातारा, आणि त्याच्याकडून काय होईल याचा विचार करावाच लागतो. मग लक्षात येतं की त्याच्याकडून पुष्कळ होतं. तो कंदील धरतो, आणि त्याच्या उजेडात बाकीच्यांना गिऱ्हा दिसतो.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. पहिला भाग संपला की पडद्यावर एक लांबलचक आकडा यायचा. मेस्त्री सांगायचे, "लिहून ठेव. हरवू नको." कशाला, ते सांगायचे नाहीत. दुसरा भाग सुरू होतानाच तो आकडा मागतो. त्या आकड्यात तुम्ही पहिल्या भागात केलेलं सगळं असतं. ढोलवाल्याला नदीवर सोडून पळाला असाल तर दुसऱ्या भागात तो नसतो. त्याची मुलगी असते, आणि पहिले तीन फेरे ती तुमचं ऐकत नाही. मी ढोलवाल्याला सोडलं होतं. ती मुलगी पडद्यावर पाठ फिरवून उभी राहिली तेव्हा मी मेस्त्रींकडे बघितलं.

"ही कधी ऐकणार?"

"तिची मर्जी."

"पण मला काय माहीत होतं दुसरा भाग येणार आहे म्हणून!"

"कोणाक म्हायत असता?"

आता शनिवारकडे येते, आणि त्याआधी माझ्या स्वतःच्या कामाकडे.

दुसऱ्या भागाचं जाहिरातीचं पत्रक मी लिहिलं. संचालकांनी सांगितलं, चार ओळी झकास लिही, तुझा हात बसलेला आहे. मी लिहिल्या. खाली 'निर्मिती' म्हणून क्लासचं नाव घातलं. मेस्त्रींचं घातलं नाही. विसरले नव्हते. आम्हाला चळवळीत शिकवलं होतं की पत्रकाखाली सही संघटनेची असते, माणसाची नाही. माणसाचं नाव म्हणजे मिरवणं. मी तो नियम डोळे मिटून इथे लावला. क्लासच्या नावापुढे 'संचालक' आणि त्यांचं नाव छापखान्यात वाढवलं गेलं. छापून आलं तेव्हा मी बघितलं, आणि मनात म्हटलं, असू दे, एवढं काय.

दुसरी चूक मेस्त्रींची. खेळ भरताना आधी एक चित्र पडद्यावर येतं, ते वेशीचं. त्याच्यावर मेस्त्रींनी गाऱ्हाणं लिहिलं होतं. कोकणात कुठलंही काम सुरू करताना देवासमोर जे घालतात ते. गाऱ्हाणं घालणारा एकेकाचं नाव घेऊन देवाला सांगतो, हे तुझं लेकरू, याला यश दे, आणि बाकीचे 'होय म्हाराजा' म्हणतात. मेस्त्रींनी नावं घातली: शेवंतामावशी, तिवारी, लादीवरचे सगळे, मीसुद्धा. ज्याच्या घरी अक्षरं रंगवायला टेबल मिळालं त्या शेजाऱ्याचंही. आपलं नाव सोडून.

त्या दुपारी खेळ भरायला लावला. ते कर्कश्श किंचाळणं सुरू झालं. टेपरेकॉर्डरची वायर सैल होती, मेस्त्री ती दाबून बसले. पडद्यावर वेस आली, नावं आली. शेवंतामावशी मागून ओरडली, "अगं बाई, मी टीव्हीत!" सगळे हसले. बाकीचा खेळ आत यायला अजून पाच मिनिटं होती, आणि त्या पाच मिनिटांत संचालकांचं भाषण झालं. आपण हा खेळ कसा रचला, थकलेल्याला आधी संधी ही कल्पना आपल्याला कशी सुचली. होय, हेही. एका मुलाच्या वडिलांनी विचारलं, "सगळं तुम्हीच केलंत?" ते म्हणाले, "मीच."

मी उभी राहिले. "खोटं आहे. हे मेस्त्रींनी केलंय."

संचालक चिडले नाहीत. हेच त्यांचं कसब. हसून म्हणाले, "मेस्त्री आमचे तंत्रज्ञ आहेत, फार गुणी माणूस. पण ताई, पडद्यावर बघा ना. त्यांनी स्वतः टाइप केलेली नावं आहेत. त्यांचं कुठे आहे? आणि हे पत्रक. हे तर तुम्हीच लिहिलंय."

माझ्या हातात ते पत्रक होतं.

"मेस्त्री, बोला ना!" मी ओरडले. "सांगा यांना!"

सगळी खोली मागे वळली. मेस्त्री हलले नाहीत. दोन बोटं वायरवर. म्हणाले, "वायर सोडलंय तर परत पयल्यापासून भरूक लागतला. पोरां खोळंबलीत."

ती पाच मिनिटं गेली. खेळ आला, पोरं धावली. नंतर विचारायला कुणी थांबलं नाही.

समोरच्याची बारी लिही, असं मेस्त्री मला म्हणाले होते. लिहिते. संचालकांचं म्हणणं असं: मशीनं माझी, जागा माझी, मेस्त्रींना मी गाळ्यातून उचलून आणलं, मी नसतो तर ते मोटारी गुंडाळत बसले असते आणि खेळ झालाच नसता. यातलं शेवटचं खरं असेल. पण ज्याने जागा दिली त्याने जागा दिली असं लिहावं. 'मीच' या शब्दाला त्यातून आधार मिळत नाही.

मग मी त्यांच्या घरी गेले. असल्फ्यालाच, आमच्यापेक्षा वर. अर्ज तयार करून नेला होता: मी, विश्राम मेस्त्री, असं प्रतिज्ञेवर सांगतो की. मेस्त्री पंख्याची मोटर उघडून बसले होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, दोन शब्द दुरुस्त केले आणि परत दिला. सही नाही.

"का?"

"गाऱ्हाणा घालणारो आपला नाव घेता काय गो कधी?"

"हे देऊळ नाही, मेस्त्री. हा धंदा आहे. त्याने तुमची वाट लावली!"

"माझी खंय?" म्हणाले. "ह्या बघ." त्यांनी क्लासकडून बाहेर गेलेली एक नवी कॅसेट आणवली होती. स्वतःच्या मशीनवर, म्हणजे भंगारातून जुळवलेल्या, ती भरून दाखवली. खेळ तोच, पण कुणीतरी आत हात घातला होता. अंधेरीच्या गिऱ्हाइकांची तक्रार होती म्हणे, की हिरोची बारी आधी यायला हवी, नाहीतर मजा नाही. म्हणून क्रम उलटा केला होता. ताकदवान आधी, आणि बारी चौघांनाच. मेस्त्रींनी म्हाताऱ्या पहारेकऱ्यावर बोट ठेवलं. आम्ही पाच फेरे बघितले. दहा बघितले. तो हलला नाही.

"त्येची बारीच येणा नाय गो," मेस्त्री म्हणाले. "परत उभो करून ठेवलो त्येका."

मला त्या क्षणी नावाचा अर्थ कळला, तो चळवळीत कुणी शिकवला नव्हता. कामावर नाव असलं की कुणालातरी विचारावं लागतं: यात बदल करू का? आणि तो 'नाही' म्हणू शकतो. मेस्त्रींना मिरवायचं नव्हतं, कबूल. पण नाव नसल्यामुळे त्यांची 'नाही' म्हणायची जागाही गेली, आणि ती घालवण्यात माझं पत्रकही होतं.

मी तसं त्यांना सांगितलं. ते पंख्याच्या तारेचे वेढे मोजत राहिले. मग म्हणाले, "माझा नाव मी कित्याक घेव? ता दुसऱ्यान घेवचा असता."

यंदा मे महिन्यात त्यांची आई आजारी पडली, आणि ते गावी गेले ते गेलेच. जाताना भंगारातलं मशीन शेवंतामावशीकडे ठेवून गेले. ती त्यावर कपडा घालून ठेवते आणि कुणाला हात लावू देत नाही.

आणि आता क्लासच्या दारावर पाटी लागली आहे: लवकरच, राखणदार, तिसरा फेरा. त्याखाली एक नाव. कुणाचं, ते सांगायला नको.

म्हणून हे सगळ्यांसाठी लिहिते आहे, पण आता बोलते ते फक्त तुमच्याशी. तुमच्याशी म्हणजे रविवारी सकाळी त्या पॅसेजमध्ये जे उभे होतात त्यांच्याशी. लोहार, गुरव, वैदू, ढोलवाला. आता तुम्ही कॉलेजात आहात, काहीजण नोकरीला लागलात. तुम्हाला माहीत आहे खेळ कोणी रचला. "मेस्त्रींनाच नको होतं" असं म्हणून सुटू नका. त्यांनी स्वतःचं नाव घेतलं नाही, आपल्याला घेऊ नका असं ते कधीच म्हणाले नाहीत.

कागद घ्या. तुम्ही कोण म्हणून उभे होतात, तुम्हाला कोणी उभं केलं, आणि थकलेल्याची बारी आधी हा नियम तुमच्यासमोर कोणी फळ्यावर लिहिला, एवढंच लिहा. खाली संघटनेची, मंडळाची, बॅचची सही नको. स्वतःचं पूर्ण नाव घाला. तिवारींनी आपलं हिंदीत लिहून दिलं आहे, शेवंतामावशीने अंगठा दिला आहे, माझं मी लिहिलं आहे आणि त्यात त्या पत्रकाची कबुलीही आहे.

पोस्टाने पाठवू नका. ती पाटी उतरून तिसरा फेरा बाहेर पडायच्या आत क्लासमध्ये जा, कागद संचालकांच्या हातात द्या, आणि त्यांनी तो तुमच्यासमोर मोठ्याने वाचेपर्यंत तिथून हलू नका.